कमी आरवणारा कोंबडा

दिवाळी होऊन गेली की सिंदीच्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या दिसू लागतात. कापसाने गच्च भरलेल्या गाड्या त्यांना घासून जातात आणि काट्यांना पुंजके अडकून राहतात. आता ट्रॅक्टर असतात, तेव्हा बैलांच्या बंड्या असत, एवढाच फरक. पुंजके तसेच. यंदा मुलाकडे वर्ध्याला जाताना बसच्या खिडकीतून ते दिसले आणि माझे डोळे जड झाले. दुपारचं जेवण झालं नव्हतं, ऊनही फारसं नव्हतं, तरी मी डोकं खिडकीला टेकवलं आणि सेलू कधी गेलं ते मला कळलं नाही.

माणसांना हंगाम आला की हुरूप येतो. मला कापसाचा हंगाम आला की झोप येते. सून म्हणते, "आई, तुमची तब्येत दाखवून घेऊ." तिला काय सांगणार? दाखवण्यासारखं त्यात काही नाही. जुनं थकलेपण आहे ते. निम्मं माझं, निम्मं ह्यांचं.

मी लग्न होऊन सिंदीला आले तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि राजधानी म्हणजे नागपूरच. गावात कापसाचा मोठा व्यापार. दिवाळीपासून जिनं सुरू व्हायची, ती वैशाखापर्यंत चालायची. जिन म्हणजे कापसातून सरकी आणि रुई वेगळी करण्याचा कारखाना. आत ओळीने रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, लावलेले असत, त्यांच्यावर माणसं उभी. हे अशाच एका रेच्यावर होते. रातपाळीला.

आमचं घर रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे होतं. कौलारू दोन खोल्या, मागे हातभर परस, त्याला कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचं कुंपण. त्या परसात माझ्या कोंबड्या. अल्लीपूरजवळच्या माझ्या माहेरून आईने दोन तलंगा, कोवळ्या कोंबड्या, दिल्या होत्या, त्यांचा वाढून सहा-सात जणींचा संसार झाला होता. नव्या गावात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. सकाळी खुराड्याची फळी काढली की त्या एकेक करून बाहेर येत, पंख झटकत, माझ्याकडे मान वाकडी करून बघत, आणि मला माहेरच्या अंगणात उभी असल्यासारखं वाटायचं.

त्याच सुमाराला हे घरी येत. भुवयांवर, पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर रुई बसलेली. पंचविशीतला माणूस, पण दारातून आत येताना म्हातारा दिसायचा. आंघोळ केली की पुन्हा तरुण. मग भाकर आणि जवसाची चटणी, कधी वरण, आणि खाटेवर पडणं. डोळ्यांवर ओला पंचा. जगाचा दिवस सुरू होत असताना आमच्या घरात रात्र व्हायची.

आणि त्याच वेळी कोंबडे आरवायला लागायचे.

लोकांना वाटतं कोंबडा पहाटे एकदा आरवतो आणि काम झालं म्हणून गप्प बसतो. ज्याच्या घरी कोंबडा आहे त्यालाच माहीत. तो पहाटे आरवतो, ऊन आलं की आरवतो, कोंबडीने अंडं घातलं की आरवतो, शेजारचा आरवला की त्याला उत्तर देतो. त्या वर्षी माझ्याकडे एकाच विणीतले तीन कोंबडे वाढले होते. एक तांबडा, एक ठिपकेदार कवडा, एक काळा. नवरात्रापर्यंत नुसते घशातल्या घशात खरखरत होते. दिवाळीला तिघांनाही कंठ फुटला, आणि जिनही दिवाळीलाच सुरू झालं.

पहिले काही दिवस ह्यांनी काही म्हटलं नाही. तसा बोलण्याचा स्वभाव नव्हताच. मीच बघत होते. कोंबडा आरवला की पंचाखालून कपाळावरची शीर हलायची. कूस बदलायचे. थोड्या वेळाने दुसरा. उठून पाणी प्यायचे, परत पडायचे. दुपारी उठत तेव्हा डोळे लाल.

एकदा जेवताना सहज बोलावं तसं म्हणाले, "काल उभ्या उभ्या डोळा लागला."

"कुठी?"

"रेच्यावरच. पट्टा इथून जाते." आणि त्यांनी हात नडगीजवळ नेऊन दाखवला. रेच्याचा फिरता पट्टा आणि धोतर यांच्यात चार बोटं अंतर असेल.

मी हातातला घास ताटात ठेवला. ते जेवत राहिले.

"एकच ठेवतो आता कोंबडा," मी म्हणाले. "तीन कायले पायजेत?"

"तुह्या कोंबड्या हायेत. तूच पाय."

त्या दिवसापासून मी घरातला आवाज मारत सुटले. पायातल्या तोरड्या काढून पेटीत ठेवल्या. भांडी फडक्यावर ठेवायची सवय लावली. कुटणं-कांडणं शेजारी कौसल्यामावशीकडे नेलं. मावशी स्वतः जिनात दिवसपाळीला जायच्या, पण त्यांची सून घरी असे. मावशींचा आवाज असा की रुळांपलीकडच्या माणसाला ऐकू जावा. सुटीच्या दिवशी त्या भिंतीपलीकडून "काय करून राह्यली वं?" म्हणायच्या आणि मी धावत जाऊन तोंडावर बोट ठेवायची. मी स्वतः तर कुजबुजायलाच लागले. ह्यांच्याशी, दारावर आलेल्या भाजीवालीशी, कोंबड्यांशीसुद्धा. इतकी सवय झाली की ते जागे असले तरी माझा आवाज वर येईना.

राहिला प्रश्न कोंबड्यांचा. एक ठेवायचा तर कोणता?

माझ्या आईने हा प्रश्न एका क्षणात सोडवला असता. कोंबडा निवडताना ती त्याच्या पायांची जाडी बघायची, छाती बघायची, दाणा टाकला की आधी स्वतः खातो की कोंबड्यांना बोलावतो ते बघायची. त्या हिशेबाने तांबडाच राहायला हवा होता. किडा सापडला की तो चोचीत धरून कुटकुट करायचा आणि कोंबडी येईपर्यंत स्वतः गिळायचा नाही. एकदा कुंपणातून मुंगूस शिरलं तेव्हा पंख पसरून तोच समोर गेला होता. कवडा दिसायला देखणा, पण भांडखोर. काळा मात्र असून नसल्यासारखा. कोपऱ्यात उभा राहायचा, बाकीच्यांचं झालं की दाणे टिपायचा.

पण मला पाय आणि छाती बघायची नव्हती. मी ज्वारी निवडायला सूप घेऊन मागच्या दारात बसायची आणि ऐकायची. तांबड्याचा आवाज भरदार, मोठा. सुरू झाला की घर भरून टाकायचा. कवड्याचा चिरका, कानात सुई घातल्यासारखा, आणि तो थांबायचाच नाही. काळा दिवसातून मोजकंच आरवायचा. तेही अर्धवट. 'कुकू' म्हणायचा आणि पुढचं गिळून टाकायचा, लाज वाटल्यासारखा. चोचसुद्धा नीट उघडायचा नाही. मी पुष्कळ दिवस ऐकलं. मला उगाच आशा होती की तांबडा गप्प होईल. तो काही गप्प होईना.

कवडा मावशींनी नेला. त्यांचे जावई येणार होते. तांबडा मी जिनाच्या सुटीच्या दिवशी घरीच केला. मसाला वाटताना हात चालत नव्हता. ह्यांनी दोन तुकडे खाल्ले, हात धुतला आणि म्हणाले, "चांगला होता." रस्सा चांगला होता की कोंबडा, ते मी विचारलं नाही.

आता परसात काळाच उरला. घर इतकं शांत झालं की कौलांवरून चिमणी चालली तरी ऐकू यायची. आणि ह्यांना झोप लागेना.

हे मला फार दिवस समजलं नाही. मी आत डोकावले की पंचा बाजूला पडलेला आणि डोळे उघडे, वर कौलांकडे. मला वाटलं चिमण्या असतील. मी बांबू घेऊन चिमण्या हाकलल्या. मग वाटलं, मालगाडी. मालगाडीला काय करणार?

"काऊन जी, झोप नाई लागत?" मी एकदा विचारलं. अगदी जवळ बसून, हळूच.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "येते, जाते."

"आता तं कोंबडाबी आरवत नाई."

"कोंबड्याचं काई नाई वं. रेचे." त्यांनी कानाकडे बोट नेलं. "घरी आलो तरी चालूच रायते. घरर घरर. बंदच होत नाई."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. काळा दारातच उभा होता, एका पायावर. मला रडू आलं नाही. रडायलासुद्धा अंगात जोर लागतो. रात्रभर मी एकटी, तेव्हा डोळ्याला डोळा नाही, दिवसा ह्यांच्या झोपेची राखण. नुसती त्याच्याकडे बघत बसले.

माघात एक कोंबडी खुडूक झाली. मी टोपलीत गवत घालून, चांगली अंडी निवडून तिला बसवलं. कोंबडीसारखी बसून राहणारी बाई मी पाहिलेली नाही. दाणा-पाण्यापुरती उठायची, अंग झाडून परत. पिल्लं निघायचे दिवस आले आणि गेले. मी एकेक अंडं कानाशी धरून हलवलं, आत नुसतं पाणी डुचमळत होतं. सगळी पोकळ. काळ्याने कोंबडा म्हणून करायचं तेही केलं नव्हतं. मी उकिरड्यात खड्डा करून अंडी पुरली. कोंबडी उठली नाही. गवतावर तशीच बसून राहिली, खाली काही नसताना. मी तिला उचलून बाहेर ठेवायची, ती परत जाऊन बसायची. पुढे एका सकाळी मुंगूस आलं, एक तलंग घेऊन गेलं. काळा सगळ्यांच्या आधी खुराड्यात शिरला होता.

हे लिहिताना माझ्या लक्षात येतं की त्या हंगामातले आनंदाचे दिवस आठवायला मला प्रयत्न करावे लागतात. होते, पण थोडे. आणि होते ते कसले होते, तेही सांगते.

होळीच्या सुमाराला माझा भाऊ आला. आम्ही त्याला दादा म्हणत असू. कापसाची बंडी घेऊन आला होता, बंडीवर एक टोपलं बांधलेलं. टोपल्यात कोंबडा. अंडी पोकळ निघाल्याचा निरोप मी माहेरी वडिलांना, आबांना, पाठवला होता, त्याचं हे उत्तर.

"आबानं पाठवला," दादा म्हणाला. "ठेवजो काई दिवस. पिल्लं झाली का घेऊन जाईन."

"दादा, ह्यांची झोप..." मी म्हणत होते तोवर त्याने फडकं सोडलंही. कोंबडा बाहेर आला. पिवळसर तांबडा, मानेवर सोनेरी पिसं, तुरा एका बाजूला कललेला. त्याने परस पाहिलं, कुंपणावर उडी मारली आणि असा आरवला की मावशींच्या घरचं पोरगं रडत बाहेर आलं.

मी धावत आत गेले. हे झोपले होते.

मला वाटलं, आज फार दमले असतील. दुसऱ्या दिवशी तो खाटेच्या मागच्या खिडकीशी येऊन आरवला. हे झोपलेले. तिसऱ्या दिवशीही. तोंड थोडं उघडं, श्वास एकसारखा, पंचा पार खाली घसरलेला. मी दारात उभी राहून बघत राहिले. इतक्या महिन्यांनी हा माणूस झोपला होता.

मी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "शरीर हाये बाप्पा, कवा ना कवा पडनच." मला ते पटलं. मी पेटी उघडून तोरड्या काढल्या, पायांत घातल्या. भाकर थापताना मुद्दाम आवाज केला. दुपारी मीही पडले, आणि झोपले. हे ते आनंदाचे दिवस.

मग एक संध्याकाळ आली. पाळीला जायची वेळ होत होती. हे परसातल्या दगडावर पाठमोरे बसून चाकूने नखं काढत होते. मी डब्यात भाकर बांधून दारात आले.

"आयकलं का जी," मी म्हणाले.

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. हाक मारायची ती अशीच. ह्यांनी वर बघितलं नाही. मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. तेवढ्यात कोंबडा कुंपणावर चढला, ह्यांच्यापासून हातभर अंतरावर, आणि आरवला. मी दचकले. कोंबड्या बिचकून बाजूला झाल्या. ह्यांचा चाकू तसाच चालत राहिला, सावकाश, अंगठ्याच्या नखावरून.

  मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. माझी सावली हातावर पडली तेव्हा त्यांनी मान वर केली.

"केव्हा आली?" ते म्हणाले. मोठ्याने. त्या हिवाळ्यापासून ते मोठ्यानेच बोलायचे आणि मला वाटायचं, दमल्यामुळे चिडचिडे झालेत.

मी खाली बसले. "तुमाले आयकू येत नाई?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा विचारलं.

"मागच्या हंगामातबी असंच झालतं. आधी घरर घरर, मंग सारंच बंद," ते म्हणाले. "पावसाळ्यात आलतं परत. येईन."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

त्यांनी चाकू मिटला.  "तू येवढी हळू बोलत जाय," ते म्हणाले. "मले वाटलं, तूच थकली असन माह्याशी बोलून बोलून. म्हून म्या विचारणं सोडलं."

मी आजवर पुष्कळ माणसांची पुष्कळ बोलणी ऐकली. मायेची ऐकली, मनाला लागणारीही ऐकली. त्या वाक्यासारखं दुसरं ऐकलं नाही. सगळा हंगाम मी त्यांच्यासाठी घर गप्प केलं होतं, आणि त्या गप्प घरात ते एकटे बसले होते, बायको आपल्याशी बोलत नाही असं समजून. दोघंही एकमेकांचा विचार करत होतो. दोघंही दमलेलो होतो, एवढंच.

त्या दिवशी ते पाळीला गेलेच, न जाऊन कसं चालणार? पण जाण्याआधी मी त्यांच्या कानाशी बोलले. काय बोलले ते विशेष नाही. मुंगसाने तलंग नेली, दादाच्या बैलाचा खूर दुखतो, मावशींच्या सुनेला दिवस गेलेत. महिन्यांची शिळी बातमी. ते "हो का," "असं का," म्हणत ऐकत राहिले. भिंतीपलीकडे मावशींना सगळं ऐकू गेलं असणार. गेलं तर गेलं.

पावसाळ्यात थोडं परत आलं, पण पूर्ण नाही. पुढच्या वर्षी त्यांनी रेचा सोडला आणि रुईच्या गाठींच्या गोदामात काम धरलं. उजव्या कानाने शेवटपर्यंत बरं ऐकू येई. मी त्या बाजूला चालायची सवय लावून घेतली. आता ते नाहीत, तरी सुनेबरोबर बाजारात गेले की मी तिच्या उजव्या हाताला जाते, आणि ती म्हणते, "आई, इकडून या ना, तिकडे गाड्या आहेत." माझा आवाजही तेव्हापासून मोठाच राहिला. नातवंडं म्हणतात, आजी भांडते.

त्याच वर्षी वैशाखात जिन बंद झालं. परसात दादाच्या कोंबड्याची पिल्लं धावू लागली होती, ती खुडूक कोंबडीच त्यांना फिरवत होती. बोलल्याप्रमाणे दादा कोंबडा न्यायला आला. दोन कोंबडे एका परसात ठेवणं शक्य नव्हतं. काळा गप्प असला तरी मार खायचा, त्याचा तुरा रक्ताळलेला असायचा.

"कोणताबी ठेव," दादा म्हणाला. "आबाले घरी एक कोंबडा असला म्हंजे झालं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते त्याच दगडावर बसले होते. हंगाम संपल्यावर माणूस रिकामा होतो तसे, हात मांडीवर सोडून. दादाने खुणेने विचारलं, हा की तो. ह्यांनी थांब म्हणून हात केला आणि बघत राहिले.

काळा कोपऱ्यात होता. त्याने आपलं ते अर्धं 'कुकू' केलं. चोच जेमतेम हलली. हे त्याच्याकडेच बघत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ते अजून वाट बघत होते. मग दुसरा कुंपणावर चढला. बोटांवर उभा राहिला, पंख दोनदा अंगावर आपटले, मान लांबवली. मानेवरची सोनेरी पिसं फुगली, गळा थरथरला, चोच पूर्ण उघडली, आणि सगळं अंग पुढे ओढलं गेलं.

"आरवला," हे म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर थोडंसं हसू होतं.

मी मान हलवली.

"हाच राहू दे," ते म्हणाले. "हा आरवते तवा दिसते."

दादाने एकदा माझ्याकडे बघितलं, मग वाकून काळ्याला उचललं. मी टोपलं आणलं, तळाशी मूठभर ज्वारी टाकली, वरून फडकं बांधलं. काळ्याने आतूनसुद्धा काही आवाज केला नाही. बंडी वळली, आणि हे दगडावरच बसून राहिले, कुंपणाकडे बघत, तो पुन्हा कधी आरवतो म्हणून.